झोत ताळ्यावर ठेवणारा स्क्रू: हेडलाइट अ‍ॅडजस्टरचा इतिहास

मोटारीचा हेडलाइट किती प्रखर आहे याइतकेच तो कुठे रोखलेला आहे यालाही महत्त्व असते. डिपरचा झोत एका अंशाने वर गेला तर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात; तेवढाच खाली आला तर पुढचा निम्मा रस्ताही उजळत नाही. हा कोन राखणारा भाग म्हणजे अ‍ॅडजस्टर. एक स्क्रू, त्याच्या टोकाची गोळी आणि ती गोळी धरणारी खोबण, एवढीच त्याची रचना. मात्र तो तुटला की महागडा दिवाही कुचकामी होतो.

पहिल्या मोटारींवर घोडागाडीसारखे तेलाचे दिवे होते. पुढे ॲसिटिलीनचे दिवे आले. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी ठिबकले की वायू तयार होई आणि त्याची ज्योत आरशासमोर जळे. असा दिवा नटाने आवळून बसवलेला असे. नट सैल करायचा, दिवा हाताने वळवायचा आणि नट पुन्हा घट्ट करायचा, हीच झोत जुळवण्याची रीत होती. १९१२च्या कॅडिलॅकमध्ये विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र आले, तेव्हापासून विजेच्या हेडलाइटचा प्रसार वाढला आणि डोळे दिपण्याची तक्रारही वाढली. १९१५मध्ये अमेरिकेत गाइड लॅम्प कंपनीने झोत खाली झुकवता येणारा दिवा आणला. पण त्यासाठी चालकाला गाडी थांबवून खाली उतरावे लागे. १९१७मध्ये कॅडिलॅकने हे काम गाडीत बसून दांडीने करण्याची सोय केली. १९२४मध्ये ‘बायलक्स’ बल्ब आला. त्यात एकाच बल्बमध्ये दोन तारा होत्या, एक दूरच्या आणि दुसरी जवळच्या झोतासाठी. आता झोत बदलताना अख्खा दिवा हलवण्याची गरज उरली नाही. दिवा एकदा नीट जुळवून तसाच ठेवायचा, असे अ‍ॅडजस्टरचे आजचे काम तेव्हापासून ठरले.

१९४०पासून अमेरिकेत सात इंच व्यासाचा गोल ‘सील्ड बीम’ रूढ झाला. काच, परावर्तक आणि तार यांचा तो एकसंध दिवा असे. तो धातूच्या वाटीत बसे आणि वाटीला एका बाजूने स्प्रिंग ओढून धरी. वरचा स्क्रू फिरवला की झोत वर-खाली होई, बाजूचा फिरवला की डावी-उजवीकडे सरके. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यास काचेवर तीन बारीक उंचवटे आले. त्यांवर पाणसळ असलेले उपकरण टेकवून गॅरेजमध्ये दिवसाउजेडीही झोत जुळवता येई. या रचनेत स्क्रू गंजे, त्याचे आटे झिजत. पण सारे भाग बाहेरून हाताशी येत आणि नवा स्क्रू बसवणे सोपे असे.

युरोपात वेगळा विचार झाला. तेथे बल्ब बदलता येणारे दिवे टिकले, आणि मागे वजन पडले की गाडीचे नाक वर उचलते याकडे अभियंत्यांनी लक्ष दिले. मऊ स्प्रिंगांवर चालणाऱ्या सिट्रोएन २सीव्हीमध्ये झोत खाली-वर करण्याची गुंडी चालकाच्या हाताशी होती. १९६७च्या सिट्रोएन डीएसमध्ये दिवे आपोआप समतल राहत आणि जोडीतले आतल्या बाजूचे दिवे स्टिअरिंगबरोबर वळत. आज डॅशबोर्डवर शून्यापासून आकडे असलेली जी चकती दिसते, ती त्याच विचारातून आली. ती फिरवली की दिव्यामागची छोटी मोटर परावर्तक झुकवते.

१९८४च्या लिंकन मार्क सेव्हनपासून अमेरिकेतही गाडीच्या आकाराशी मिळणारे, बल्ब बदलता येणारे दिवे परतले. हळूहळू काच जाऊन पॉलिकार्बोनेट आले आणि धातूच्या वाटीची जागा बंद प्लॅस्टिकच्या खोक्याने घेतली. अ‍ॅडजस्टरची गोळी, खोबण आणि काटकोनात वळण देणारे दातेही प्लॅस्टिकचे झाले. वजन आणि खर्च घटला. मात्र ५५ वॉटच्या हॅलोजन बल्बची धग आणि रस्त्याचे हादरे वर्षानुवर्षे सोसून हे प्लॅस्टिक ठिसूळ होते. खोबण तडकली की गोळी निसटते, परावर्तक लोंबकळतो आणि झोत रस्त्यावर थरथरू लागतो. स्क्रू नुसता फिरत राहतो, झोत मात्र हलत नाही.

कित्येकदा अख्खा दिवाच बदलण्याचा सल्ला मिळतो. तो खर्च टाळण्यासाठी हौशी गाडीमालकांनी घरगुती दुरुस्तीची रीत रुळवली. १९९५ ते २००३ या काळात आलेल्या बीएमडब्ल्यू ई-३९ मालिकेचे अ‍ॅडजस्टर यासाठी विशेष प्रसिद्ध आहेत आणि त्यांचे पर्यायी सुटे भागही बाजारात मिळतात. दिवा काढून त्याचे पुढचे आवरण उघडावे लागते. काहींना क्लिपा असतात. काहींचे आवरण ब्यूटिल या मऊ गोंदाने चिकटवलेले असते आणि ते सुमारे १०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत मऊ करून अलगद सोडवतात. कडक गोंदाने बंद केलेले दिवे मात्र असे उघडत नाहीत. जुना स्क्रू किती बाहेर आहे ते मोजून घेतात, तुटके तुकडे झाडून काढतात आणि नवी गोळी खोबणीत सरळ दाबून ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत बसवतात. तिरका जोर दिला तर नवी खोबणही तडकते. परावर्तकाला बोट लागू द्यायचे नाही, कारण त्यावरचा चकचकीत थर पुसला जातो. शेवटी नवे ब्यूटिल भरून आवरण बंद करतात. फट राहिली तर आत बाष्प धरते.

झोत पुन्हा जुळवल्याशिवाय ही दुरुस्ती पुरी होत नाही. सपाट जमिनीवर, टायरांत योग्य हवा भरून आणि चकती शून्यावर ठेवून गाडी भिंतीसमोर उभी करतात. चालकाच्या जागी त्याच्याइतके वजन ठेवतात. युरोपीय पद्धतीच्या दिव्यांत डिपरचा झोत साधारणतः एक टक्का खाली झुकलेला असतो. म्हणजे १० मीटरवरच्या भिंतीवर त्याची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा १० सेंटिमीटर खाली पडते. अमेरिकेत भिंतीपर्यंतचे अंतर २५ फूट धरण्याची प्रथा आहे. भारतात वाहने डावीकडून चालतात, म्हणून झोताची कड डाव्या बाजूला वर चढते. त्यामुळे कडेने चालणारा माणूस दिसतो आणि समोरच्या चालकाचे डोळे वाचतात.

१९९१मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७ मालिकेत झेनॉन दिवे आले आणि पुढे अशा प्रखर दिव्यांसाठी युरोपात स्वयंचलित समतलन बंधनकारक झाले. चाकांजवळचे सेन्सर गाडीचा कल मोजतात आणि मोटर झोत सावरते. तरीही मोटर ज्या मूळ बिंदूपासून मोजमाप सुरू करते तो बिंदू हाताने फिरवायच्या स्क्रूनेच ठरतो. म्हणून एलईडीच्या दिव्यांतही अ‍ॅडजस्टर टिकून आहे.