ग्रंथालये, खाजगी व सार्वजनिक (यवतमाळ जिल्हा)

एखाद्या व्यक्तीने, कुटुंबाने वा मठाने स्वतःच्या उपयोगासाठी जमविलेला आणि ज्याच्या वापरावर मालकाचीच इच्छा चालते, असा ग्रंथसंग्रह म्हणजे खाजगी ग्रंथालय. ज्याच्या वापराचा हक्क ठराविक नियमांनी सर्वांना मिळतो, ते सार्वजनिक ग्रंथालय. ग्रंथसंख्या हा या दोहोंतील भेद नव्हे. राजवाड्यातील हजारो पोथ्यांचे सरस्वतीभांडार खाजगीच असते आणि खेड्यातील दोन कपाटांचे वाचनालय सार्वजनिक ठरते.

वऱ्हाडात खाजगी संग्रहाचे टोकाचे उदाहरण महानुभाव पंथाने घालून दिले. तेराव्या शतकात चक्रधरांच्या शिष्यपरंपरेत मराठी गद्याचे आद्य ग्रंथ निर्माण झाले. परंतु पुढे ते सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले गेले. पोथी हाती आली, तरी परक्यास ती वाचता येत नसे. कुलूप दाराला नव्हे, अक्षरांनाच होते. त्यामुळे हे ग्रंथ मठांमध्ये सुरक्षित राहिले, पण मराठी वाचकांस ते शतकानुशतके अज्ञातच होते. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली.

या बंदिस्त संग्रहांचा परिचय करून देण्यात यवतमाळचे य. खु. देशपांडे यांचा वाटा मोठा आहे. त्यांचा महानुभावीय मराठी वाङ्मय हा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी यवतमाळ येथे शारदाश्रम ही संशोधनसंस्था स्थापन केली व तेथे हस्तलिखिते एकत्र केली. विद्यापीठापासून दूर, कापसाच्या बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावी असे काम उभे राहिले, ही गोष्ट नजरेआड करण्याजोगी नाही. घरोघरी आणि मठांत विखुरलेली पोथी संस्थेत आली, की तिला सूची मिळते आणि अभ्यासक तिच्यापर्यंत पोहोचू शकतो.

मुद्रित ग्रंथांच्या वाचनालयांचा मार्ग वेगळा होता. महाराष्ट्रात त्यांची सुरुवात रत्नागिरी येथे १८२८ मध्ये झाली. पुण्यात १८४८ मध्ये असे वाचनालय निघाले. वर्गणी भरणाऱ्या सभासदांपुरतीच त्यांची दारे प्रारंभी उघडी असत. ती सार्वजनिक खरी, पण साक्षर व सुस्थित वर्गापुरती. विनामूल्य ग्रंथालयसेवेचा मोठा प्रयोग सयाजीराव गायकवाड यांनी १९१० पासून बडोदे संस्थानात केला.

मुंबई सरकारने १९३९ मध्ये फैजी समिती नेमली. तथापि यवतमाळ तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात असल्याने त्या समितीच्या योजनेच्या कक्षेत नव्हते. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ मध्ये संमत होऊन १९६८ पासून अंमलात आला. जिल्हा, तालुका व इतर ग्रंथालयांची प्रतवारी करून अनुदान देण्याची पद्धत त्यातून रूढ झाली. मात्र या अधिनियमात ग्रंथालय-कराची तरतूद नाही. लोकांनी स्थापन केलेल्या संस्थांना शासनाने साहाय्य करावे, असे त्याचे स्वरूप आहे. म्हणून चालकांची उमेद आणि अनुदानाची वेळ यांवर ग्रंथालयाचे भवितव्य बरेचसे अवलंबून असते.

अनुदान संस्थेला मिळते. घरातील बासनात गुंडाळलेली पोथी त्या व्यवस्थेबाहेरच राहते. जाणता मालक गेला, की वारसांना तिची लिपीही लागत नाही.