नसलेल्या दर्यावर्द्यांचा इतिहास

इतिहासाच्या तासाला एका मुलाने मला विचारले, "गुरुजी, जे लोक कधी झालेच नाहीत, त्यांना इतिहास असतो का?" विषय निघाला होता होमरच्या 'ओडिसी' महाकाव्यातील फीएशियन लोकांचा. वर्गात हशा पिकला. मी "असतो" एवढेच म्हणून पुढच्या धड्याकडे वळलो. पण उत्तर अपुरे राहिले, ही टोचणी काही जाईना. ते आज पुरे करतो.

मी ग्रीक जाणत नाही. भाषांतरावरच माझी भिस्त. ट्रॉयचे युद्ध आटोपून घरी निघालेला ओडिसियस दहा वर्षे घराला पारखा झाला. जहाजे बुडाली, सोबती गेले, आणि शेवटी तो एकटा, उघडावाघडा, स्केरियाच्या किनाऱ्याला लागला. तेथे हे लोक राहत.

त्यांचे सारे जिणे समुद्राचे. माणसांची नावेसुद्धा कुणाचे वल्ह्यावरून, कुणाचे नौकेच्या नाळीवरून. धनुष्यबाणाची त्यांना गोडी नाही. शिडे, दोरखंड आणि वल्ही हीच त्यांची दौलत. त्यांच्या नौकांना सुकाणू नसे. खलाशांच्या मनातले ओळखून त्या आपोआप वाट काढीत. पुरुष नौका हाकण्यात तरबेज, तर बायका विणकामात. राणी अरीतीचा मान एवढा, की पुरुषांचेही तंटे ती सोडवी. आणि राजकन्या नॉसिका? भावांना नाचाला जाताना धुतलेले कपडे लागतात, म्हणून खेचरांच्या गाडीत धुणे घालून ती सख्यांसह नदीवर जाते, आणि कपडे वाळेपर्यंत चेंडू खेळते. तेथेच तिला ओडिसियस भेटला.

आता खरी गोष्ट ऐका. या लोकांना परक्यांचे प्रेम होते असे नाही. नगरात शिरताना ओडिसियसला तसा इशाराच मिळाला होता. पण आवड वेगळी आणि रीत वेगळी. आधी पाहुण्याला अन्न, मग प्रश्न. राजा अल्किनूसने त्याला घरी पोचवण्याचे वचन आधी दिले. नाव विचारले ते दुसऱ्या दिवशी रात्री! बावन्न तरुण निवडले, भेटी दिल्या, आणि झोपलेल्या पाहुण्याला इथाकाच्या वाळूवर अलगद उतरवले.

हे करताना एक जुने भाकीत राजाला ठाऊक होते. सर्वांना सुखरूप पोचवणाऱ्या या लोकांवर समुद्रदेव पोसायडन एक दिवस कोपेल, परतणारी नौका फोडील आणि नगराभोवती डोंगर उभा करील. तरीही त्यांनी नौका पाठवली. परतताना बंदर दिसू लागले, तोच तिचा दगड झाला. राजा म्हणाला, यापुढे कुणाला पोचवायचे नाही. बारा बैलांचा बळी द्यायचे ठरले. डोंगर उभा राहिला की नाही? होमर सांगत नाही. वेदीभोवती प्रार्थना करीत उभ्या असलेल्या त्या लोकांना तो तसेच सोडून जातो.

यात इतिहास कोठे आहे? यांचा पूर्वीचा राजा नॉसिथूस दांडग्या शेजाऱ्यांच्या जाचाला कंटाळून सर्वांना स्केरियाला घेऊन आला. त्याने तट बांधला, घरे व देवळे उभारली, जमिनी वाटल्या. इ. स. पू. आठव्या शतकात ग्रीक लोक सिसिलीत आणि दक्षिण इटलीत नव्या वसाहती अशाच वसवीत होते. पुढे कॉर्फूचे लोक फीएशियनांचे आरमारी नाव आपले म्हणून मिरवीत, असे थ्युसिडिडीज लिहितो.

पण माझ्या मते त्याहून मोठा इतिहास भीतीचा आहे. अनोळखी किनाऱ्यावर आपले काय होईल, या धास्तीने ज्यांच्या रात्री सरत, त्यांनीच नाव न विचारता जेवू घालणारे लोक कल्पिले. आणि अशा चांगुलपणाची किंमत मोजावी लागते, हे जाणून त्यांनी तो दगडही बंदरासमोर ठेवला. लोक खोटे, पण ती भीती आणि ती आशा खरी.

मुलाला आता माझे उत्तर हे. पण एक प्रश्न उरतोच: अल्किनूसने रीत मोडली, ती बरोबर की चूक? फराळाला बसाल तेव्हा घरातल्या मुलांना विचारून पाहा. माझे स्वतःचे उत्तर दरवर्षी बदलते.