विजयी पेशव्याचे देणे

इतिहासाच्या पानांवर थोरले बाजीराव आपल्याला नेहमी घोड्यावरच भेटतात: 1728 साली पालखेडला निजामाची कोंडी करणारे, पुढल्याच वर्षी छत्रसालाच्या साह्याला बुंदेलखंडात धावून जाणारे, आणि 1737 साली अवचित दिल्लीच्या वेशीवर उभे राहणारे. परंतु आपले गुरू, धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी, यांना त्यांनी पाठविलेल्या पत्रांतून जो पुरुष समोर येतो, तो याच मोहिमांचा नायक आहे यावर एकाएकी विश्वास बसत नाही; कर्जाच्या नरकात आपण पडलो आहोत, सावकारांच्या आणि शिलेदारांच्या पायां पडता पडता कपाळाची कातडी झिजली, अशा आशयाचा आकांत त्यांत आहे.

या आकांताचे मूळ उधळपट्टीत नव्हते, मुलूखगिरीच्या हिशेबातच होते. दसऱ्याला सीमोल्लंघन करावयाचे तर त्याआधी शिलेदारांच्या हातावर नालबंदीची आगाऊ रक्कम ठेवणे भाग असे; ती दिल्यावाचून स्वतःचे घोडे बाळगणारा शिलेदार डेऱ्यातून हलत नसे. ज्या चौथाईतून हा खर्च भागावयाचा, ती मात्र मोहीम फत्ते झाल्यावर, तीही हप्त्याहप्त्याने, हुंड्यांच्या रूपाने आणि वाटणीदारांचे हिस्से वजा होऊन येई. मधल्या महिन्यांचा खड्डा सावकाराच्या थैलीतून भरला जाई. त्यावर दरमहा व्याज चढे, शिवाय मनोती, म्हणजे कर्ज देताना सावकार घेई ती कसर, निराळी. भोपाळच्या विजयानंतर, 1738 च्या तहात, पन्नास लाख रुपये बादशहाकडून देवविण्याचे निजामाने कबूल केले खरे. पण तहनाम्यावरील रक्कम दाखवून शिलेदाराचा चढलेला रोजमुरा फिटत नाही. जुने देणे वारण्यासाठी नवी मोहीम आणि नव्या मोहिमेसाठी नवे कर्ज, असे हे रहाटगाडगे होते.

अशा स्थितीत चेहऱ्यावरचा दिमाख ही चैन राहत नाही, तेच तारण होऊन बसते. पुण्यात 1730 साली पाया घातलेला शनिवारवाडा दोन वर्षांत उभा राहिला. त्याचा त्या वेळचा खर्च 16,110 रुपये सांगितला जातो. लाखांच्या घरात गेलेल्या फौजेच्या खर्चापुढे ही रक्कम अगदी किरकोळ. परंतु पेशव्याची पत त्या भिंतींवरून आणि विजयाच्या वार्तांवरूनच जोखली जात असणार. पेशवा हवालदिल आहे अशी कुणकुण पेठेत लागती, तर साऱ्याच सावकारांनी एकदम आपापली खते पुढे केली असती. म्हणून काळजी लपविणे हा बाजीरावांच्या मानी स्वभावाचा भाग असो वा नसो, राज्यकारभाराचा भाग निश्चित होता.

मग ही काळजी त्यांनी बोलावी कोणापाशी? गुरूपाशी. येथेच या कहाणीतील सर्वांत मार्मिक गोष्ट आहे: ब्रह्मेंद्रस्वामी स्वतः पेशव्यांना कर्ज देत आणि त्याच्या वसुलीचा तगादाही लावीत. तेव्हा पत्रातील तो टाहो शिष्याने गुरूपुढे मोकळे केलेले हृदय आहे, तशीच ती ऋणकोने धनकोपुढे केलेली मुदतीची याचनाही आहे. म्हणून ती व्यथा खोटी ठरत नाही. परंतु मन हलके करावयालाही ज्या सत्ताधीशाला धनकोवाचून दुसरा श्रोता मिळू नये, त्याच्या एकाकीपणाची खोली मात्र त्यावरून कळते.

28 एप्रिल 1740 रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीरावांचा अंत झाला आणि झाकलेले उघडे पडले. बाबूजी नाईक बारामतीकर हे पेशव्यांचे सावकार आणि सोयरेही, बाजीरावांची बहीण भिऊबाई त्यांच्या भावाला दिलेली. बाबूजींनी कर्जासाठी निकड लावली, आणि रघूजी भोसल्यांच्या पाठबळावर खुद्द पेशवाईच मागितली. शाहू महाराजांनी जूनमध्ये पेशवाईची वस्त्रे बाजीरावांचे पुत्र नानासाहेब यांना दिली. महादजीपंत पुरंदऱ्यांनी आपली पत खर्ची घालून नाईकांच्या देण्याचा फडशा पाडला. पदावरचा धोका टळला, कर्जाची रीत तशीच चालू राहिली.

पुढे 1772 साली थेऊर मुक्कामी मृत्युशय्येवर असलेल्या पेशवे माधवरावांनी आपल्या अखेरच्या इच्छांची यादी कलमवार लिहविली, तीत कर्ज फेडण्याचे कलम आवर्जून घातले. आजोबांनी जे गुप्तपणे धावडशीला लिहिले, ते नातवाने कारभाऱ्यांसमक्ष दौलतीचे देणे म्हणून मांडले. पराक्रमात आजोबा थोर की नातू, हा वाद चालत राहील. पण देणे उघड मान्य करण्याचे धैर्य नातवाने दाखविले, आणि त्याला ते साधले तेही मृत्यू समोर उभा ठाकून पत सांभाळण्याची गरज सरल्यावरच.