चालू काळाची जडणघडण

बंगळूरच्या आग्नेय भागातील बेळ्ळंदूर हे काही दशकांपूर्वीपर्यंत तळ्याकाठचे शेतीप्रधान गाव होते. पुढे बाह्यवळण मार्गालगत संगणक-उद्योग उभे राहिले आणि देशाच्या सर्व प्रांतांतील माणसे तेथे वस्तीस आली. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. बंगळूरशी मराठीचा संबंध नवा नाही, कारण सतराव्या शतकात हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत होते. परंतु आजच्या बेळ्ळंदुरात मराठी माणसाचा दिवस तीन भाषांत विभागलेला असतो : घरी मराठी, बाजारात कन्नड, कचेरीत इंग्रजी. त्यांपैकी मराठी आणि इंग्रजी या एकाच इंडो-युरोपीय कुळातील दूरच्या बहिणी, तर कन्नड द्राविड कुळातील. असे असूनही क्रिया चालू असल्याचे सांगण्याची तिघींची रीत एकच आहे. ‘करत’ आणि ‘आहे’, ‘डूइंग’ आणि ‘ॲम’, ‘माडुत्ता’ आणि ‘इद्देने’ : प्रत्येक ठिकाणी एक वर्तमानकालवाचक धातुसाधित आणि त्याच्या आधाराला अस्तित्ववाचक क्रियापद. कन्नडमध्ये हे दोन घटक ‘माडुत्तिद्देने’ असे एकरूप झाले आहेत, एवढाच फरक.

ही रचना इंग्रजीत आरंभापासून आजच्या स्वरूपात होती, असा समज शालेय व्याकरणांमुळे होतो. इतिहास निराळा आहे. प्राचीन इंग्रजीत वर्तमानकालवाचक धातुसाधिताचा प्रत्यय ‘-एंडे’ असा होता. ‘-उंग’ किंवा ‘-इंग’ हा प्रत्यय क्रियेचे नाम बनवीत असे. मध्ययुगीन इंग्रजीत ही दोन रूपे एकमेकांत मिसळली आणि ‘-इंग’ने दोन्ही कामे स्वीकारली. त्याच सुमारास ‘तो शिकारीवर आहे’ अशा धर्तीची, नामाला शब्दयोगी अव्यय जोडणारी रचनाही प्रचारात होती. तीही पुढे झिजून याच प्रवाहाला मिळाली. म्हणूनच एका ‘स्विमिंग’साठी मराठीला प्रसंगानुसार पोहणे, पोहत, पोहता, पोहताना, पोहणारा अशी रूपे योजावी लागतात. मराठीने जे वेगळे राखले, ते इंग्रजीत एक झाले.

या काळाचा वापर अनिवार्य होण्यासही पुष्कळ अवधी लागला. इ. स. १६०० च्या सुमारास लिहिलेल्या शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकात, हाती पुस्तक घेतलेल्या राजपुत्राला तो काय वाचत आहे असे पोलोनियस विचारतो, ते साध्या वर्तमानकाळात. आजच्या इंग्रजीत तेथे अपूर्ण वर्तमानकाळच अपेक्षित आहे. कर्मणी प्रयोगातील अपूर्ण काळ त्याहूनही अलीकडचा. ‘घर बांधले जात आहे’ या अर्थी ‘द हाउस इज बिल्डिंग’ म्हणण्याचा प्रघात होता. ‘इज बीइंग बिल्ट’ ही रचना अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत दिसू लागली आणि एकोणिसाव्या शतकातही अनेक व्याकरणकारांनी ती कुरूप म्हणून निषिद्ध ठरविली. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये सेरामपूर येथे प्रसिद्ध झाले. म्हणजे इंग्रज पंडित मराठीचे नियम बांधू लागले, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या भाषेतील हा काळ अद्याप घडत होता.

मराठीची वाटचाल कमी उद्बोधक नाही. ज्ञानेश्वरीच्या काळी ‘करी’ हे रूप वर्तमानकाळाचे होते. ते संस्कृत वर्तमानकाळातून आलेले असल्याने त्यात लिंगभेद नाही. ‘करतो’, ‘करते’ या रूपांत मात्र लिंगभेद आहे, कारण ती मुळात धातुसाधिते आहेत. या नव्या रूपांनी वर्तमानकाळाची जागा घेतली, तेव्हा ‘करी’ मागे सरून रीतिभूतकाळाचा वाचक झाला. पुढे ‘करतो’ हेही रूप सवय, सार्वत्रिक सत्य आणि नजीकचा भविष्यकाळ यांत विखुरले गेले. निरोप घेणारा माणूस ‘येतो’ म्हणतो ते याच अर्थविस्तारामुळे. मग नेमका चालू क्षण दाखविण्यासाठी त्याच धातुसाधिताला ‘आहे’ची पुन्हा जोड मिळाली. बोलीत ‘करतोय’, ‘जातेय’ अशी ती जोडही आता झिजत आहे.

१८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध झाले. त्यांच्यापुढे संस्कृत आणि इंग्रजी अशा दोन व्याकरणपरंपरा होत्या. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी या व्याकरणाची चिकित्सा केली आणि १९११ मध्ये मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’ने त्या विचाराला विस्तृत रूप दिले. ‘करीत होते’ अशी रचना बखरींच्या गद्यातही आढळते. तेव्हा मराठीने हा काळ इंग्रजीकडून उसना घेतला, असे म्हणता येत नाही. साधा, अपूर्ण आणि पूर्ण ही काळांची मांडणी इंग्रजी व्याकरणाशी जुळते. परंतु मराठी व्याकरणाने तिच्यात ‘करत असतो’ या रीतिकाळाचे चौथे घर ठेवले. भाषेचे स्वत्व या चौथ्या घरात दिसते.

या पार्श्वभूमीवर भारतीय इंग्रजीतील ‘आय ॲम नोइंग’ या उपहासविषय झालेल्या प्रयोगाकडे पाहिले पाहिजे. तो मातृभाषेचा शब्दशः अनुवाद आहे, असे सरसकट म्हटले जाते. मराठीपुरते तरी हे निदान अपुरे आहे. ‘मला दिसत आहे’, ‘मला समजत आहे’ असे मराठी सहज म्हणते, म्हणून ‘सीइंग’ आणि ‘अंडरस्टँडिंग’ यांचे मूळ मराठीत सापडेल. परंतु ‘मला माहीत आहे’ यात ‘-त’ प्रत्ययाचे धातुसाधित नाहीच. तेथे मातृभाषेपेक्षा, शिकविलेला नियम त्याच्या मर्यादेपलीकडे नेण्याची शिकणाऱ्याची प्रवृत्ती अधिक कारणीभूत असावी.

मराठी मातृभाषा असलेल्या बेने इस्रायल समाजात १९२४ मध्ये मुंबईत जन्मलेले इंग्रजी कवी निसिम इझिकेल यांनी ‘गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.’ या कवितेत हाच अपूर्ण काळ वाक्यावाक्यांतून खेळविला. त्या कवितेवर भारतीय वक्त्याची थट्टा केल्याचा आक्षेप आला. पण थट्टेसोबत तिने एका बोलीच्या अस्तित्वाची नोंदही केली, हे नाकारता येणार नाही.

बेळ्ळंदूरच्या कचेरीत एखाद्या तरुणाची योग्यता याच एका प्रत्ययाच्या वापरावरून जोखली जाऊ शकते. नियम शिकणे त्याला आवश्यकच आहे. प्रमाण इंग्रजीचा व्यवहार त्याशिवाय चालत नाही. परंतु ज्या नियमाने त्याचे माप घेतले जाते, तो नियम त्याच्या पणजोबांच्या पणजोबांच्या काळी इंग्रजांनाही पुरता पाठ नव्हता. व्याकरणातील प्रमाण हे भाषेच्या प्रवाहातील एका टप्प्यावरचे मोजमाप असते, हे ध्यानी ठेवल्यास शुद्धतेचा आग्रह टिकतो आणि चुकणाऱ्याचा अवमानही टळतो.