घर, गाळा आणि १९४०चे भाडे

१८८८च्या मुंबई महापालिका कायद्यातले कलम १५४ मालमत्ता कर ठरवताना घर आणि दुकान यांत भेद करत नसे. जागा भाड्याने दिली तर वर्षाला वाजवी भाडे किती येईल, एवढेच ते विचारत असे. त्यातून दुरुस्ती वगैरेंपोटी १० टक्के वजा करायचे. उरे ते करपात्र मूल्य. बाजारातल्या गाळ्याचे भाडे अधिक, म्हणून त्याचे मूल्यही चाळीतल्या खोलीहून अधिक.

१९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने हा हिशेब कराला हात न लावता फिरवला. १ सप्टेंबर १९४० रोजी भाड्याने असलेल्या जागेचे त्या दिवशीचे भाडे, हेच साधारणतः तिचे प्रमाण भाडे, म्हणजे कायद्याने घेता येणारे कमाल भाडे, ठरले. नंतर प्रथमच भाड्याने गेलेल्या जागेला तिचे पहिले भाडे. कलम ६ मधली यादी सावकाश वाचावी अशी आहे: निवास, शिक्षण, धंदा, व्यापार, साठवण. कामगाराच्या खोलीला मिळालेले संरक्षण पेढीला आणि गोदामालाही मिळाले.

डिसेंबर १९७९ मध्ये दिल्लीच्या देवान दौलतराय कपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पुढची कडी जोडली. प्रमाण भाडे कोणी ठरवून घेतले नसले, तरी कराचे मूल्य त्याच्या वर नेता येणार नाही. मुंबईच्या कायद्याशी हा निकाल ताडून पाहिला की माझ्या मते खरी दरी दिसते. ती घर आणि धंदा यांच्यात नव्हती. जुनी जागा आणि नवी जागा यांच्यात होती. एकाच रस्त्यावर, सारखीच गिऱ्हाईके असलेल्या दोन दुकानांपैकी जुन्याला कमी मूल्य, नव्याला जास्त. गरीब भाडेकरूला वाचवणे योग्यच होते. त्याच्या आडोशाने भरभराटीच्या पेढ्यांचा करही गोठला, हा अन्याय होता.

१९९७ मध्ये मलपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भाडे असे गोठवणे आता अवाजवी झाल्याचे सांगितले. १९९९च्या नव्या भाडे कायद्याने बँका, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि १ कोटी वा अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्यांचे संरक्षण काढले. बडा धंदा घरापासून वेगळा काढला गेला, तोही भाड्याच्या कायद्यात!

करात तो भेद उघडपणे आला २०१०च्या भांडवली मूल्य पद्धतीने, म्हणजे भाड्याऐवजी जागेच्या बाजारमूल्यावर कर आकारण्याच्या पद्धतीने. जागेचा वापर हा मूल्य ठरवण्याचा एक घटक झाला. पद्धत बदलताना निवासी कर दुपटीपेक्षा आणि बिगरनिवासी तिपटीपेक्षा अधिक होऊ नये, अशी मर्यादाही घातली गेली. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या पद्धतीच्या काही नियमांना चाप लावला: जमिनीचे मूल्य ती आज जशी आहे त्यावरून धरा, तिच्यावर उद्या काय बांधता येईल यावरून नको, आणि नियम मागच्या तारखेपासून लावू नका.

त्याआधीच, १ जानेवारी २०२२ पासून, मुंबईतल्या ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला. लहान घराला अशी उघड सूट देणे मला गोठवलेल्या भाड्याच्या छुप्या सवलतीपेक्षा न्याय्य वाटते. तिचा लाभ कोणाला, हे निदान सगळ्यांना दिसते. पण तेवढ्याच लहान गाळ्यावर पोट भरणाऱ्या दुकानदाराला ती मिळत नाही, आणि त्याच्यासाठीही तसा विचार व्हायला हवा.