बर्ड फ्लूच्या काळात घरचे पक्षी कसे सांभाळाल?

जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे मेले, तपासणीत बर्ड फ्लू निघाला. त्याच महिन्यात आमच्या शेजारच्या ब्रह्मपुरी तालुक्यात, मांगली गावातल्या कोंबड्यांमध्ये तोच रोग आढळला. नागभीडजवळच्या घोडाझरी तलावावर हिवाळ्यात बाहेरचे पक्षी उतरतात. म्हणून लव्हबर्ड, कबुतरं पाळणाऱ्यांनी थंडीत जास्त जपावं, असं आम्हाला वाटतं.

हा विषाणू आजारी पक्ष्याच्या विष्ठेतून, लाळेतून पसरतो आणि थंड पाण्यात बरेच दिवस टिकतो. पिंजरा उघड्या अंगणात नको. वर पत्रा, बाजूंनी बारीक जाळी हवी. तलावाचं पाणी पाजू नका. खरी गडबड सांडलेल्या दाण्यांनी होते, चिमण्या-कावळे लगेच जमतात. फजरनंतर छतावर दाणे टाकायची सवय अनेक घरांत आहे. साथ असेपर्यंत दाणे आतच द्या, कबुतरंही उडवू नका. बाहेरच्या चपला पिंजऱ्याजवळ नकोत. हात साबणाने धुवा. नवा पक्षी आणलाच तर तीन-चार आठवडे वेगळा ठेवा. (देशी पोपट मात्र आणूच नका, तो पाळणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.)

पक्ष्याने दाणे सोडले, तो मान टाकून बसला किंवा अचानक मेला, तर लपवू नका. मेलेल्या कावळ्याला मुलांना हात लावू देऊ नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवा. रोग पक्का झाल्यावर सरकार ज्या कोंबड्या नष्ट करतं, त्यांची भरपाई मिळते. आधीच मेलेल्यांची नाही.