इलेक्ट्रिक गिटार : फ्रेटची झीज आणि निगा

सतारीचे पडदे दांडीला दोऱ्याने बांधलेले असतात. स्वर हलल्यास वादक ते हाताने सरकवून घेतो. इलेक्ट्रिक गिटारला ही सोय नाही. तिचे फ्रेट लाकडातील बारीक खाचांत पक्के बसवलेले असतात आणि त्यांच्या जागा गणिताने ठरतात. ६४८ मिलिमीटर तारलांबीच्या गिटारवर पहिला फ्रेट नटपासून सुमारे ३६.४ मिलिमीटरवर, तर बारावा बरोबर मध्यावर, ३२४ मिलिमीटरवर येतो.

फ्रेट बहुधा जर्मन सिल्व्हरचे असतात. नावात चांदी असली तरी हा तांबे, जस्त आणि निकेल यांचा मिश्रधातू आहे. त्यापेक्षा कठीण असलेली पोलादी तार त्यावर सतत घासली जाते. सुरुवातीचे कॉर्ड वाजवताना पहिल्या तीन-चार फ्रेटवर तारांखाली खळगे पडतात. मिंडेप्रमाणे तार आडवी ओढल्याने वरच्या पट्टीतील फ्रेटचे माथे सपाट होतात. माथा सपाट झाला की तार टेकण्याची जागा पुढे सरकते, कंप पावणारी लांबी घटते आणि स्वर किंचित चढा लागतो. पुढे खरखर सुरू होते. ओढलेला स्वर मध्येच विझतो.

मात्र प्रत्येक खरखर झिजेची नसते. पावसाळ्यातील दमट हवेने लाकूड फुगते, कोरड्या थंडीत आकसते आणि मानेचा बाक बदलतो. म्हणून कानस हाती घेण्यापूर्वी मान तपासणे अगत्याचे ठरते. तार पहिल्या फ्रेटवर आणि मान जेथे धडाला मिळते तेथे दाबून धरावी. सातव्या-आठव्या फ्रेटवर सुमारे पाव मिलिमीटर फट दिसावयास हवी. ती मुळीच नसल्यास मानेतील ट्रस रॉड एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक न फिरवता समायोजित करावा. पुष्कळदा तक्रार येथेच मिटते.

ही सावधगिरी महत्त्वाची आहे, कारण घासलेला धातू परत येत नाही. नव्या फ्रेटची उंची साधारण १ ते १.४ मिलिमीटर असते. समतल करताना सर्व फ्रेट सर्वांत खोल खळग्याच्या पातळीवर आणावे लागतात. त्यासाठी तारा काढून मान सरळ करतात, फ्रेटच्या माथ्यांवर शाई लावतात आणि सरळ पट्टीवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरने ती पुसली जाईपर्यंत घासतात. नंतर विशिष्ट कानशीने माथे पुन्हा गोलाकार करून चकाकी आणतात. या वेळी लाकडावर चिकटपट्टी लावावी. पिकअपही झाकावेत, पोलादी लोकर वापरल्यास तिचे कण आतील चुंबकांना चिकटतात आणि निघता निघत नाहीत.

उंची पुरेशी उरली नसल्यास फ्रेट बदलणे हाच उपाय. ते तापवून अलगद उपटावे लागतात, अन्यथा शिसवीच्या कपच्या निघतात. लाखेचा थर दिलेल्या मॅपलच्या मानेवर हे काम अधिक खर्चिक असते. स्टेनलेस स्टीलचे फ्रेट पुष्कळ अधिक टिकतात, पण कारागिराची हत्यारे लवकर बोथट करतात. त्यामुळे मजुरी वाढते.

रोजची निगा सोपी आहे. वादनानंतर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात आणि गंजलेल्या तारा त्वरित बदलाव्यात, कारण गंजकी तार फ्रेटवर कानशीसारखीच चालते.